सर्व्हर बदलण्याआधी परवाना पाहा

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरातील आमच्या कारखान्यात हिशेबासाठी जुना विंडोज सर्व्हर आहे. विक्रेता २०२२ ची आवृत्ती घ्या म्हणतो; पण सध्याची कोणती आहे आणि जुने परवाने चालतील का, हे कसे समजावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आवृत्ती म्हणजे २०१२ आर२, २०१६ यांसारखे वर्ष आणि एडिशन म्हणजे इसेन्शियल्स, स्टँडर्ड किंवा डेटासेंटर; या दोन्ही गोष्टी कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत) ‘सिस्टिमइन्फो’ (systeminfo) लिहिताच दिसतात. परवाना यंत्रासोबत आलेला ओईएम आहे की संस्थेसाठी एकत्रित घेतलेला व्हॉल्यूम, हे ‘एसएलएमजीआर’ या आज्ञेला ‘डीएलव्ही’ पर्याय जोडून (slmgr /dlv) कळते. हे आधी पाहावे, कारण ओईएम परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो आणि नव्या सर्व्हरवर नेता येत नाही.

२०१६ च्या आवृत्तीपासून स्टँडर्डचा परवाना कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधील गणना करणाऱ्या भागांच्या संख्येवर, मोजला जातो. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरावे लागतात, म्हणून तुमचे यंत्र ६ कोअरचे असले तरी पैसे १६ चेच. शिवाय प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा उपकरणासाठी ‘कॅल’ हा सर्व्हर वापरण्याचा वेगळा परवाना लागतो. जुन्या आवृत्तीचा कॅल नव्या सर्व्हरला चालत नाही, आणि कोटेशनमध्ये हीच ओळ बहुधा गळालेली असते.

तुमचा सर्व्हर २०१२ आर२ निघाला, तर त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सुरक्षा दुरुस्त्या) १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आहे आणि त्यावरून थेट २०२२ वर जाता येत नाही. मध्ये २०१६ किंवा २०१९ चा टप्पा घ्यावा लागतो. त्यापेक्षा नव्याने स्थापना करून विदा (डेटा) हलवणे मला अधिक सुरक्षित वाटते.