ऑटोपायलटपायी दोन एकर विकावेत का?

प्रश्न : मी औसा तालुक्यातला शेतकरी. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, गणित-फिजिक्स चांगलं आहे, चष्मा आहे. पायलटच व्हायचं म्हणते. आम्ही दोन फ्लाइंग स्कूल बघून आलो. एकीकडे गोल काट्यांची जुनी सेसना १७२, तिच्यात केएपी १४० नावाचा ऑटोपायलट. दुसरीकडे काट्यांऐवजी स्क्रीनचे पडदे असलेली डायमंड डीए४०, तिच्यात जीएफसी ७००. तिथली फी बरीच जास्त. तिथले साहेब म्हणाले, जुन्या ऑटोपायलटवर शिकलेल्यांना एअरलाइन विचारत नाही. वरच्या फीसाठी दोन एकर काढावेत का?

उत्तर : नमस्कार भाऊ. दोन एकर राहू द्या. निदान ऑटोपायलटच्या नावावर तरी काढू नका.

साहेबांचं बोलणं मला पटलं नाही. हे दोन्ही ऑटोपायलट एअरबसमध्ये नसतात आणि बोइंगमध्येही नसतात. तिथलं मोठं विमान तिला टाइप रेटिंगच्या (त्या ठरावीक विमानाच्या परवान्याच्या) वेळी सिम्युलेटरवर पहिल्यापासूनच शिकावं लागणार, मग ती कुठूनही आलेली असो. त्याआधी कमर्शियल लायसनसाठी डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, २०० तासांचं उड्डाण मागतं. त्यातले १०० तास तिने स्वतः विमानाची प्रमुख म्हणून उडवायचे. बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडायचे तास लागतात फक्त १०, आणि त्यातले ५ सिम्युलेटरवर चालतात. म्हणजे बहुतेक काळ कासरा तिच्याच हातात असणार.

तरी दोन्हींत फरक आहे, आणि तो तिने समजून घ्यायलाच हवा. मी स्वतः विमान उडवत नाही. पण माझ्याकडून मार्गदर्शन घेऊन गेलेली मुलं सुट्टीत भेटायला येतात, त्यांच्याकडून हे पुन्हा पुन्हा ऐकलंय.

केएपी १४० ला तुम्ही चढायचा दर सांगता : मिनिटाला ७०० फूट. तो तेवढाच हुकूम पाळतो. वेग किती उरला, हे तो बघत नाही. आता आपल्याकडचा मे महिना घ्या. लातूर समुद्रसपाटीपासून साधारण २,००० फुटांवर. पारा ४० वर गेला की हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला आपण साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. त्यातून वर जाल तशी ताकद आणखी कमी. ऑटोपायलट मात्र ७०० फुटांचा हट्ट सोडत नाही, नाक वर-वर करत जातो, वेग पडत जातो आणि लक्ष नसेल तर विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल सुटून खाली येतं. बैलाला घरची वाट माहीत असते, पण पुढे नाल्याला पूर आलाय का, हे गाडीवानालाच बघावं लागतं.

जीएफसी ७०० मध्ये वेग धरून चढायची सोय आहे. ताकद कमी पडली तर तो नाक खाली घेतो, चढायचा दर घटतो, वेग टिकतो. चढायचा दर धरायची सोय त्यातही आहेच, तीच लावली तर धोकाही तोच. आणि थ्रॉटल दोन्हींत पायलटच्याच हातात असतं, हे त्या पडद्यांच्या झगमगाटात पोरं विसरतात.

नव्याचा खरा फायदा वेगळाच आहे. कोणता मोड चालू आहे, म्हणजे तो वेग धरतोय की चढायचा दर, हे समोरच्या पडद्यावर अगदी वर दिसतं. मोठ्या विमानातही ते वाचायची सवय लागतेच. केएपी १४० ची छोटी पट्टी मधल्या पॅनेलमध्ये असते, तिकडे मुद्दाम बघावं लागतं. पण जुन्याचंही एक बरं आहे. डावी-उजवी कलण्याची माहिती तो टर्न कोऑर्डिनेटर या विजेवर चालणाऱ्या, वळण दाखवणाऱ्या उपकरणाकडून घेतो. त्यामुळे काही गोल काटे चालवणारा व्हॅक्यूम पंप बंद पडून कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण) गेलं, तरी तो विमान सरळ धरू शकतो. जीएफसीचा सगळा भार विमानाचा कल सांगणाऱ्या एएचआरएस नावाच्या सेन्सरवर; तो गेला की ऑटोपायलटही गेला.

लेकीला एक गोष्ट माझ्यातर्फे सांगा. ऑटोपायलट चालू असताना हातातला दांडा (सेसनात योक, डायमंडमध्ये स्टिक) दाबून त्याच्याशी झटापट करायची नाही. तिने दांडा पुढे रेटला, तर तो गुपचूप उलट्या बाजूला ट्रिम (नाक वर-खाली धरून ठेवणारी यंत्रणा) फिरवत राहतो आणि सुटला की विमान एकदम उसळतं. काही विचित्र वाटलं की आधी दांड्यावरचं, ऑटोपायलट सोडवणारं लाल बटण. उड्डाणाआधी ते बटण तपासायचं, रोज.

आता शाळा कशी निवडायची? ऑफिसात बसू नका, हँगरबाहेर चहा पिणाऱ्या मुलांना गाठा. गेल्या महिन्यात किती तास उडालास? २०० तास व्हायला तुझ्या आधीच्या बॅचला किती महिने लागले? उभ्या विमानांपैकी काल किती उडाली? दोनच इन्स्ट्रक्टर आणि रांगेत साठ पोरं असतील, तर जीएफसी ७०० जमिनीवरच चमकत बसेल आणि होस्टेलचं बिल मात्र चालू राहील. जिथे तास लवकर आणि सलग होतात ती शाळा घ्या, मग विमान जुनं का असेना. हे सगळं दोन्हीकडे सारखंच निघालं, तर नवी घ्यायला हरकत नाही; पण तीही कर्जाचा हप्ता झेपेल एवढ्याच फरकात.

त्याआधी एक काम करा. फी कुठेही भरू नका. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून तिची क्लास टू मेडिकल करून घ्या. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्याची तपासणी होते आणि तिथे अडलं तर पुढचा खर्चच वाचेल. मेडिकल होईस्तोवर तिला घरीच नेव्हिगेशन आणि हवामानाच्या पेपरांचा अभ्यास सुरू करू द्या. रिपोर्ट हातात आला की दोन्ही शाळांच्या मुलांनी सांगितलेले आकडे लिहून मला पाठवा.