‘टाळाटाळ करतो’ की ‘करवत नाही’?

प्रश्न गुहागरकडच्या एका शिक्षिकेचा आहे. चौथीतल्या एका मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी अवस्था, असल्याचं निदान झालंय. निबंधाची वही काढली की त्याला तहान लागते, मग पेन्सिल टोकायची असते. कोणी रागावलं की वही भिरकावतो आणि थोड्या वेळाने स्वतःच उचलून आणतो. प्रगतिपुस्तकात ‘चालढकल’ लिहावं, ‘टाळाटाळ’ की ‘टंगळमंगळ’, असं बाईंनी विचारलंय.

तिन्ही शब्दांच्या छटा वेगळ्या आहेत. टंगळमंगळ करणारा कामाजवळच असतो, पण वेळ काढतो. चालढकल करणारा काम उद्यावर लोटतो. टाळाटाळीत समोर कुणीतरी मागणारा असतो आणि त्याला चुकवायचं असतं. मात्र माणसाला जमण्यासारखं आहे, तरी तो मुद्दाम करत नाही, हा ठपका तिन्हींत आहे. म्हणून यातला एकही शब्द या मुलाला लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

साधं ‘टाळतो’ मात्र खरं आहे. कामाला चिकटून बसावं लागेल अशा गोष्टी टाळणं हे एडीएचडीच्या अधिकृत लक्षणांतच येतं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीत ते नोंदलेलं आहे. पण हा मुलगा टाळतो काय? कोरं पान पाहून पोटात जी कालवाकालव होते, ती. मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची, नकोशा गोष्टीची दखल चटकन घेतो. त्याला आवर घालण्यात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो आणि एडीएचडीत तो आवर सैल पडतो. त्यात वही मिटली की लगेच हायसं वाटतं, त्यामुळे मिटण्याची सवय आणखी पक्की होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी इतर मुलांत साधारण ७.५ व्या वर्षी कमाल झालेली दिसली, तर एडीएचडी असलेल्या मुलांत १०.५ व्या. हा उशीर कपाळाकडच्या भागात सर्वांत ठळक होता. चौथीतलं मूल साधारण नऊ-दहा वर्षांचं असतं, एवढं लक्षात घ्या.

“जेटीवर मासे गरवायला तासन्‌तास बसतो की!” असं त्याचे वडील म्हणतात, हेही बाईंनी कळवलंय. गरवताना दोरीला कधीही झटका बसू शकतो, फळ हाताशी असतं. निबंधाचं फळ म्हणजे पुढच्या आठवड्यातला शेरा. दूरच्या बक्षिसाची ओढ टिकवण्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा भाग मोठा, आणि एडीएचडीत नेमकी तीच यंत्रणा वेगळी चालते. दोन्ही ठिकाणी मुलगा तोच आहे, त्यामुळे गरवण्यावरून त्याला खोटं पाडू नये.

आता शब्द. आपल्याकडे शक्य क्रियापद आहे: करवतं, बसवतं, चालवतं. यात कर्ता ‘तो’ न राहता ‘त्याला’ होतो. ‘आता घाटी चढवत नाही’ असं आजी म्हणते तेव्हा आजी टाळाटाळ करते असं कोणी म्हणत नाही. इच्छा आहे, अंग साथ देत नाही, हे ऐकणाऱ्याला आपसूक कळतं. ‘तो सुरुवात करत नाही’ आणि ‘त्याला सुरुवात करवत नाही’ यांत नेमका हाच फरक आहे. रागाचंही तसंच. पुस्तकी भाषेत ‘भावनांचं नियमन’ म्हणतात, पण घरात आपण ‘आवरणं’ म्हणतो, आणि ‘त्याला राग आवरत नाही’ हे पालकांना ताबडतोब समजतं.

मात्र नुसतं ‘करवत नाही’ लिहून थांबू नका. केव्हा करवतं तेही लिहा, नाहीतर वाचणारा हात टेकेल. मी असं लिहीन: “लेखनाची सुरुवात एकट्याने करवत नाही. शेजारी बसून पहिली ओळ लिहून घेतली की पुढे लिहितो. राग पटकन येतो, आवरायला वेळ लागतो; त्या वेळी प्रश्न न विचारता थांबावे.” यातली पहिली ओळ लिहून घेतल्याची गोष्ट तुम्ही वर्गात करून पाहिली असेल तरच ठेवा. नसेल तर आधी करून पाहा आणि जे दिसेल ते लिहा.