वाचकांचे प्रश्न: फँटसी टीमचं खरं काम जुलैतच

या महिन्यात आलेले बरेच प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, अमेरिकन फुटबॉलची लीग एनएफएल आणि बास्केटबॉलची लीग एनबीए यांची फँटसी टीम (खरे खेळाडू निवडून केलेली कागदावरची टीम, त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या खेळावर पॉइंट मिळतात) चालवणाऱ्यांनी सीझन बंद असताना काय करायचं. बरं झालं आत्ताच विचारलंत, कारण एनबीएमध्ये खेळाडूंची ये-जा चालू आहे, एनएफएलचे ट्रेनिंग कॅम्प महिनाअखेरीला उघडतील आणि नाहीतरी या पावसात संध्याकाळी कोण कुठं जातंय.

आमच्या दहा जणांच्या ग्रुपने गेल्या वर्षी एनएफएलची फ्री लीग चालू केली. मी ऐकलेली मोठी नावं उचलली आणि तळाला गेलो. ड्राफ्ट (आळीपाळीने खेळाडू उचलायचा दिवस) ऑगस्टच्या शेवटी आहे, सुरुवात कुठून करू?
विश्रामबाग, सांगली

मित्रा, खेळाडू नंतर, आधी तुमच्या लीगचं सेटिंगचं पान उघड आणि शेवटपर्यंत वाच. लय जण हे वाचतच नाहीत आणि तिथंच हरतात. कॅचला पूर्ण पॉइंट आहे, अर्धा आहे का काहीच नाही? क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, पास टाकून टचडाऊन (बॉल समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं) केला तर ४ मिळतात का ६? कॅचला पूर्ण पॉइंट असेल तर मॅचमध्ये सात-आठ छोटे छोटे कॅच घेणारा रिसिव्हर एकदम सोन्यासारखा, आणि तोच माणूस कॅचला काहीच नसलेल्या लीगमध्ये साधा ठरतो, म्हणजे नेटवर फिरणारी टॉप खेळाडूंची यादी तुमच्या लीगला लागू पडेलच असं अजिबात नाही.

मग नाव सोड आणि बॉल कोणाकडे किती वेळा जातो ते बघ. रिसिव्हरकडे मॅचमागे किती पास फेकले जातात, रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) किती वेळा बॉल दिला जातो, हे आकडे टचडाऊनपेक्षा कितीतरी भरवशाचे असतात. टचडाऊन एका वर्षी भरपूर होतात, पुढच्या वर्षी गायब. त्यामुळे थोड्याच वेळा बॉल मिळून खूप टचडाऊन झालेला खेळाडू असेल तर त्याला ड्राफ्टमध्ये फार लवकर उचलू नको.

आणि हे हातात बॉल येणं बदलतं कधी? बहुतेक वेळा सीझन बंद असतानाच. मार्चमध्ये फ्री एजन्सी (करार संपलेले खेळाडू टीम बदलतात), एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा स्वतःचा ड्राफ्ट (टीम कॉलेजचे नवे खेळाडू घेतात), या दोन महिन्यांत अर्धी गणितं फिरतात. रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली बघ, २०२३ ला जायंट्सकडून पळून त्याच्या हजार यार्डसुद्धा झाल्या नव्हत्या, २०२४ च्या मार्चमध्ये तो ईगल्सला गेला, समोर वाट मोकळी करून देणारी तगडी ऑफेन्सिव्ह लाइन मिळाली आणि त्याच सीझनला २,००५ यार्ड पळाला. रिसिव्हर पुका नकुआ तर २०२३ च्या ड्राफ्टला पाचव्या राउंडमध्ये उचललेला, पण रॅम्सचा मुख्य रिसिव्हर कूपर कप पहिल्या चार मॅच जखमी होता, म्हणून पास याच्याकडे आले आणि त्याने १०५ कॅच घेऊन नवख्या खेळाडूंचा तेव्हाचा रेकॉर्ड केला. म्हणून एक वही कर, प्रत्येक टीमपुढे एवढंच लिही की कोण गेला, कोण आला, गेलेल्याच्या वाटचा बॉल आता कोणाला. ३२ टीम आहेत, रोज एक केलीस तर ऑगस्ट उजाडायच्या सुमाराला वही भरते.

ऑगस्टमधल्या सराव मॅचेसमध्ये स्कोअर बघू नको, मुख्य क्वार्टरबॅकसोबत मैदानात कोण उतरतो तेवढं बघ. आणि दुखापतीच्या बातम्या अगदी ड्राफ्टच्या सकाळपर्यंत वाचत राहा, २०२४ ला रनिंग बॅक ख्रिश्चन मॅकॅफ्री बहुतेक फँटसी ड्राफ्टमध्ये पहिला उचलला गेला आणि खेळला फक्त ४ मॅच.

बास्केटबॉल मी स्वतः खेळतो, पण फँटसीत नऊ कॅटेगरीच्या लीगमध्ये (जास्त कॅटेगरी जिंकेल तो आठवडा जिंकतो) दर आठवड्याला ४ विरुद्ध ५ ने हरतो. टीम तर चांगली वाटते!
मिरज

चांगली म्हणजे पॉइंट करणारी असणार. पण पॉइंट ही नवातली एकच कॅटेगरी झाली, बाकी रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री, शूटिंगच्या टक्केवारीच्या दोन (फील्ड गोल आणि फ्री थ्रो) आणि टर्नओव्हर (बॉल गमावणं). सगळ्या नऊ जिंकायला जाऊ नका, पाच पुरतात. यानिस अँटेटोकुंपो घेतला तर फ्री थ्रोचा टक्का आधीच गेला समजा, तो ६० च्या आसपास राहतो आणि टाकतोही भरपूर, मग ती कॅटेगरी खुशाल सोडून द्या आणि पुढचे सेंटर निवडताना तिकडे बघूच नका, ब्लॉक आणि रिबाउंड घ्या. कुठली सोडायची ते आत्ता ठरवा, ड्राफ्टमध्ये घड्याळ चालू असताना सुचत नाही.

समर लीग (जुलैतल्या, मुख्यतः नव्या खेळाडूंच्या मॅच) बघा जरूर, पण जुलैत ३० पॉइंट मारणारा पोरगा ऑक्टोबरमध्ये बेंचवर बसलेला असू शकतो. मिनिटं किती मिळतील हाच प्रश्न. ॲकिलीसची (टाचेमागच्या स्नायूबंधाची) दुखापतही लक्षात ठेवा, २०२५ च्या प्लेऑफमध्ये लिलार्ड, टेटम, हॅलिबर्टन तिघांची एकापाठोपाठ झाली आणि अशावेळी त्याच टीममध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी हातात बॉल जातो, तो माणूस शोधा.

आमच्या लीगने यंदा ऑक्शन ड्राफ्ट (बोली लावून खेळाडू घ्यायचे) ठरवलाय, प्रत्येकाला २०० डॉलरचं खोटं बजेट. काय करू?
मार्केट यार्ड, सांगली

तुम्हाला मी काय सांगणार, रोज हळदीचे सौदे बघता तुम्ही. माल बघून मनात भाव धरायचा आणि त्याच्या पुढं गेलं की सोडून द्यायचं, इथंही तेच. प्रत्येक खेळाडूपुढे आधीच आकडा लिहून ठेवा. सुरुवातीला तुम्हाला नको असलेली मोठी नावं पुकारा, बाकीच्यांचे पैसे तिथं संपू देत. अर्धं बजेट एका माणसावर घालू नका, फुटबॉलमध्ये तर नाहीच.

एका ॲपवर पैसे भरून खेळायची लिंक आलीय, खेळू का?
इस्लामपूर

नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे. याहू, ईएसपीएन, स्लीपर यांच्या फ्री लीगमध्ये मजा तेवढीच येते.

मॅच रात्री-पहाटे असतात, नोकरी सांभाळून टीम कशी बघायची?
पोवई नाका, सातारा

फुटबॉलचं सोपं आहे. रविवारच्या बऱ्याच मॅच आपल्याकडे रात्री साडेदहाला चालू होतात, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची घड्याळं बदलली की साडेअकराला. कोण खेळणार नाही ती यादी दीड तास आधी येते, म्हणजे जेवण झालं की एकदा फोन बघायचा आणि बदल करून टाकायचा. बास्केटबॉलच्या मॅच मात्र पहाटे साडेचार-साडेपाचपासून आणि जवळजवळ रोज, म्हणून रोज टीम लावायची लीग झेपत नसेल तर आठवड्याला एकदाच लावायची लीग निवडा. ते सेटिंग ड्राफ्टच्या आधीच ठरतं, तेव्हा तुमच्या लीगच्या कमिशनरशी (लीग चालवणाऱ्याशी) याच महिन्यात बोलून घ्या, आणि ड्राफ्टची वेळ रविवारी सकाळी मागा म्हणजे कोणी अर्धवट झोपेत टीम उचलणार नाही.