सिनेमाच्या रिळांसाठी ४०१केमधून कर्ज काढावं का?

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकांनी विचारलंय: "वय ५२. ऑफिसातले एक अमेरिकन सहकारी निवृत्त होऊन फ्लोरिडाला चाललेत. त्यांच्याकडे ८ मिमी आणि सुपर ८ची, म्हणजे घरगुती प्रोजेक्टरच्या अरुंद फिल्मची, १८० रिळं आहेत, बहुतेक सगळी १९५०-६०च्या दशकातल्या विज्ञानपटांची. शिवाय दोन प्रोजेक्टर. सगळ्याचे मिळून ५,४०० डॉलर मागतात. डोंबिवलीला लहानपणी गणपतीत गल्लीत पडदा बांधून सिनेमा दाखवायचे, तेव्हापासून त्या खरखरीचं वेड आहे. हाताशी तीन महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे आहेत, ते मोडायचे नाहीत. म्हणून ४०१केमधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, कर्ज काढावं म्हणतो. दहा वर्षांनी विकली तर मुलीच्या लग्नाला उपयोगी पडतील. कंपनीत कपातीची कुजबुज आहे. बायको म्हणते, हा शुद्ध वेडेपणा."

वहिनींचं मला निम्मं पटतं. रिळं घ्यायला माझी ना नाही. त्यांच्या जिवावर मुलीचं लग्न करायला मात्र आहे.

आधी माल काय आहे ते बघू. या रिळांत पूर्ण सिनेमा क्वचितच असतो. कॅसल फिल्म्ससारख्या कंपन्या दीड तासाचा सिनेमा कापून २०० फुटांत बसवायच्या. सुपर ८वर सेकंदाला १८ चौकटींनी ते रीळ सव्वातेरा मिनिटं चालतं. 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' अशीच आटोपशीर होऊन घरोघरी गेली. केन फिल्म्सने तर 'स्टार वॉर्स'मधले निवडक प्रसंगही विकले. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळायची, मासिकांच्या मागच्या पानांवरच्या जाहिराती बघून मुलं पोस्टाने मागवायची. म्हणजे माल भरपूर निघाला. पुढे व्हिडिओ कॅसेट आली आणि धंदा बसला, पण घराघरांतले डबे तसेच राहिले. जुनं म्हणजे दुर्मिळ, हे गणित इथे चालत नाही.

खरी मेख फिल्ममध्येच आहे. त्या काळची बहुतेक फिल्म अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची. दमटपणा आणि उष्णता लागली की अ‍ॅसिटेट विघटित होऊन त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं, म्हणजे आपलं व्हिनेगर. हे अ‍ॅसिडच पुढचं विघटन आणखी वेगाने करतं. पट्टी आक्रसते, वाकडी होते, प्रोजेक्टरच्या दात्यांत बसेनाशी होते. शिवाय त्याची वाफ शेजारच्या डब्यांना लागते. आढीतला एक नासका आंबा काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. आणि तुमच्या सहकाऱ्यांची रिळं कुठे आहेत? बेसमेंटमध्ये असतील तर जर्सीच्या उन्हाळ्यातली ओल आठवा. माळ्यावर असतील तर उकाडा.

रंगीत रिळांचं दुखणं वेगळं. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी-तांबडं होतं. परग्रहावरचं हिरवं आभाळ डाळिंबी दिसायला लागलं की विकत घेणारा पाठ फिरवतो. कृष्णधवल चित्र चांदीचं, ते असं उडत नाही. त्यात आवाजाच्या रिळांना कडेने चुंबकीय पट्टी असते, तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे व्हिनेगरचा रोग जास्त जोर धरतो. आता गंमत बघा: तुम्ही ज्या रंगीत, बोलक्या रिळांना जास्त पैसे द्याल तीच आधी खराब होण्याची शक्यता जास्त, आणि स्वस्तातली मुकी, काळी-पांढरी त्यांच्यामागे टिकतील. दहा वर्षांची गुंतवणूक म्हणून अशी वस्तू मी कुणालाच सुचवणार नाही.

आता कर्ज. ४०१केचं कर्ज साधारण पाच वर्षांत पगारातून फेडायचं असतं. व्याज आपल्याच खात्यात जातं, म्हणून लोकांना ते फुकटचं वाटतं. पण तेवढी वर्षं ते पैसे बाजारात नसतात. तुमच्या बाबतीत मोठा धोका त्या कुजबुजीचा. नोकरी गेली तर उरलेली रक्कम त्या वर्षाच्या कर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही जमलं तर ती काढलेली रक्कम धरून त्यावर आयकर, आणि तुमचं वय बघता वर १० टक्के दंड. पगार थांबलेला, बेसमेंटमध्ये १८० डबे, आणि वर करखात्याचं पत्र.

विकतानाही सरकार मेहेरबान नसतं. संग्राह्य वस्तू म्हणून धरली गेली तर नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर बहुतेकांना १५ टक्केच पडतो. आणि हौसेच्या वस्तूत तोटा झाला तर तो करातून वजा होत नाही. त्यात विक्रीच्या साइटचं कमिशन आणि पॅकिंग. पोस्ट मात्र स्वस्त: १६ मिमी किंवा त्याहून अरुंद फिल्म मीडिया मेलने जाते.

खोक्यात १६ मिमीच्या पूर्ण लांबीच्या प्रिंट निघाल्या तर मूळ कागदपत्रं विचारा. १९७४ साली रॉडी मॅकडॉवल या नटाच्या घरी एफबीआयने विनापरवाना प्रतींच्या संशयावरून धाड घालून त्याच्या संग्रहातल्या प्रिंट जप्त केल्या होत्या. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या विज्ञानपटातला वानर, तोही सुटला नाही (पुढे खटला झाला नाही). दुकानात रीतसर विकलेल्या ८ मिमीच्या रिळांना तसली भीती नाही. पण ती डिजिटल करून विकायचा विचार असेल तर तो सोडा, हक्क तुमच्याकडे येत नाहीत.

मी काय करेन? ५,४००ला १८० म्हणजे रिळामागे ३० डॉलर, हे ऐकायला स्वस्त वाटतं, पण सरसकट भावात त्यांची रद्दीही तुमच्या गळ्यात येते. सहकाऱ्यांना सांगा, तीस-चाळीस रिळं निवडून घेतो, एक चालता प्रोजेक्टर घेतो. विक्रीच्या साइटवर लोक काय मागतात ते बघू नका, खरोखर विकली गेलेली रिळं किती डॉलरला गेली ते बघा. वर्षाचं हौसेचं बजेट १,५०० डॉलर धरा, म्हणजे महिन्याला १२५, पगारातून. मुलीच्या लग्नाचे पैसे वेगळ्या खात्यात, आणि नोकरीची धाकधूक संपेपर्यंत हाताशी सहा महिन्यांचा खर्च होईल तेवढं साठवा. यात रिळं बसत नसतील तर यंदा नकोत. ते फ्लोरिडाला गेले तरी असे डबे अमेरिकेत आणखी पुष्कळ घरांत पडलेत.

बघायला जाल तेव्हा आधी डबा उघडून नाक लावा. आंबट वास आला तर तो बाजूला ठेवा. रिळाची सुरुवातीची पांढरी पट्टी सोडून पुढच्या दोन हात फिल्ममागे पांढरा कागद धरून उजेडात रंग बघा. प्रोजेक्टर चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. जुन्या यंत्रांतले रबरी पट्टे वितळून डांबरासारखे चिकट झालेले मी स्वतः बोटांनी खरवडलेत, शर्टाच्या बाहीवरचा डाग अजून गेलेला नाही. आणि वहिनींना बरोबर न्या. वासाच्या बाबतीत त्यांचं नाक तुमच्या वेडापेक्षा जास्त खरं बोलेल.