दाब कमी करा, मग वेगाचं बघू

ऑनलाइन नखं घासायचं ड्रिल मशीन मागवलं. पेटीवर ३५,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलंय. भीतीपोटी वेग अगदी कमी ठेवते, पण बिट (पुढचं घासणारं टोक) अडकतं आणि जोर लावावा लागतो. ॲक्रिलिकच्या कृत्रिम नखांना आकार देताना वेग किती ठेवू? (फोंडा)

जोर लावता ना, तिथंच चुकतंय. ३५,००० विसरा, मी स्वतः २०,०००च्या वर क्वचितच जाते. ॲक्रिलिकच्या वरच्या थरावर १०,००० ते १५,०००, क्युटिकलजवळ, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीजवळ, त्याच्या निम्म्यावर. बिट अडकलं तर दाबू नका, वेग थोडा वाढवा. नारळ खवताना गच्च दाबला की करवंटी खरवडून चव काळा येतो, हात हलका ठेवला की पांढराशुभ्र पडतो. ड्रिलचंही तेच.

बिट नखावर आडवं टेकवायचं, उभं रोवायचं नाही. करंगळी दुसऱ्या हाताला टेकवलीत की मनगट थरथरत नाही. डायमंड बिटवर हिरवा पट्टा असेल तर ते खरखरीत, लाल म्हणजे बारीक. नवशिक्यांनी लालपासून सुरुवात करावी. एका दिशेनं कापणारं कार्बाइड (कठीण धातूचं) बिट सहसा फॉरवर्डवर, उजव्या हातानं काम करणारीसाठी असतं; डावखुरीनं दोन्ही दिशांनी कापणारं बिट घेऊन रिव्हर्स ठेवावं. एका दिशेचं बिट उलट फिरवलंत तर ते कापत नाही, नुसतं घासून तापतं. आणि कार्बाइड मूळ नखाला कधीही लावू नका.

आधी आठ-दहा टिपा (प्लॅस्टिकची नकली नखं) काड्यांना चिकटवून सराव करा, मगच माणसाचं बोट हातात घ्या. तोंडाला मास्क हवाच, ही धूळ फार बारीक असते. (आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. मशीन चार्जिंगचं असलेलं बरं.)

पार्लरमध्ये ड्रिल लावताना नख भाजल्यासारखं होतं. तिथली मुलगी म्हणते, "थोडं सहन करा." (म्हापसा)

सहन करू नका, हात मागे घ्या. बिट एकाच जागी थांबलं किंवा दाबलं गेलं की घर्षणानं उष्णता होते, ती थेट खालच्या मांसाला लागते. झिजलेलं बिटही असंच तापतं. ॲक्रिलिक निघाल्यावर क्युटिकलजवळ लालसर अर्धगोल कडं दिसलं तर बिटनं मूळ नख खाल्लंय असं समजा. ती खाच भरून येत नाही, वाढून पुढं सरकते आणि कापली जाते. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे चार-सहा महिने गेले. तोवर त्या बोटावर ड्रिल नको.

पावसाळ्यात माझी ॲक्रिलिकची नखं कडेनं सुटतात. घरीच गोंद लावून चिकटवते. आता एकाखाली हिरवट डाग दिसतोय. (डिचोली)

गोंद आजच बंद करा! त्यानं पाणी आत कोंडतं, आणि तो हिरवा रंग बहुधा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा आहे. सगळ्या त्याला फंगस म्हणतात, पण ते वेगळं. त्या बोटाचं ॲक्रिलिक काढून घ्या, नख उघडं आणि कोरडं ठेवा, आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. वर नेलपॉलिश लावून डाग झाकू नका. त्या नखाला लागलेलं बिट धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या बोटालाही लावायचं नाही, आणि सँडिंग बँड (बिटसारखी वापरायची सँडपेपरची नळी) तर सरळ कचऱ्यात.

पावसाला मात्र सगळा दोष देऊ नका. नखावर चिकटलेली क्युटिकल नीट काढली नाही, किंवा ॲक्रिलिक कातडीला लागलं, की मे महिन्यातही नख सुटतं. दर दोन-तीन आठवड्यांनी रिफिल करा, म्हणजे नख वाढून मुळाशी उघडी पडलेली जागा ॲक्रिलिकनं भरून घ्या. सुटलेला भाग तेवढाच ड्रिलनं झिजवून काढायचा, उपटायचा नाही.

चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) करायच्या आहेत. नखं काढून टाकू का? (पेडणे)

काढण्याची गरज नाही, आखूड करून घ्या. सासूबाईंना पाहवतच नसतील तर वरचा थर ड्रिलनं पातळ करून उरलेलं ॲसिटोनमध्ये भिजवून काढा. वीस मिनिटं तरी लागतातच, आदल्या रात्री अकरा वाजता सुरू करू नका. ठेवणार असाल तर पीठ मळून झाल्यावर नखांखाली मऊ ब्रश फिरवा, तिथं बरंच अडकून राहतं.