लॉकडाउनमध्ये खेड्यातल्या लोकांना फारसा त्रास झाला नाही, हे खरं आहे का? सरकारचं तेव्हा काय चुकलं?

खरं नाही. "शेतकऱ्याला काय, घरचं धान्य, मोकळी हवा" हे मी माझ्या पुण्याच्या आतेभावाकडून इतक्यांदा ऐकलंय की प्रश्न दिसताच हातातलं काम टाकून लिहायला बसलो.

आमचं गाव धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, मुंबई-आग्रा हायवेला लागून. २०२० च्या एप्रिलमध्ये माझी २५०० खोडं केळी कापणीला आलेली. कापूस निदान घरात भरून ठेवता येतो. तोही घरोघरी पडून होता आणि त्या कापसाने लेकरं अंग खाजवून बेजार होती. केळी मात्र थांबत नाही. व्यापारी फोन उचलेना, उचलला तर म्हणे गाडीला ड्रायव्हर नाही. शेतमालाला बंदी नव्हती, मला माहीत आहे. पण ढाबे बंद, पंक्चरवाला बंद, मग ड्रायव्हर निघणार कसा? सूट मालाला दिली, माल नेणाऱ्या माणसाचा विचार सुरुवातीला केलाच नाही.

त्याच दिवसांत हायवेवर माणसं चालायला लागली. मुंबई, भिवंडी, नाशिककडून निघालेली, मध्यप्रदेश, उत्तर प्रदेशात जाणारी. उन्हामुळे रात्री चालायची आणि सकाळी फाट्यावरच्या निंबाखाली पडलेली असायची. माझी आत्या मार्चमध्ये माहेरी आलेली, ती इथेच अडकली होती. पहिल्या दिवशी माझ्यासोबत फाट्यावर आली आणि म्हणाली, "त्यास्ना पाय देख रे." मी तोवर चेहरेच बघत होतो.

झाडावरच पिकायला लागलेले घड कापून मी ट्रॉलीने फाट्यावर नेऊ लागलो. आई आणि आत्या पहाटे चारपासून भाकरी थापायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं, खायला वाटेत ठिकठिकाणी मिळतंय, लोक चप्पल मागताहेत. चपलांची दुकानं बंद, कारण चप्पल जीवनावश्यक वस्तूत नव्हती. गावात घरोघरी फिरून जुन्या चपला गोळा केल्या, गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने दोन पोती चपलांना पट्टे-खिळे मारून दिले, एक पैसा घेतला नाही. एक बाई नवऱ्याची चप्पल घालून आली होती, नवरा अनवाणी. पोत्यात तिच्या मापाची सापडेना. आत्याने पायातली काढून तिच्यापुढे ठेवली. त्या बाईने आधी नवऱ्याची चप्पल उतरवून त्याला दिली, मग आत्याची घातली. "सेंधवा कितना दूर है?" असं तो विचारत होता. सेंधवा हद्दीपलीकडे, मध्यप्रदेशात. खरं अंतर सांगायला माझा जीव होईना.

मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आतेभावाचं उत्तर आलं, "गर्दी जमवून रोग पसरवताय, आपल्या लोकांना शिस्तच नाही."

कसली शिस्त? २४ मार्चला रात्री आठला घोषणा आणि बाराला देश बंद. ज्याची खोली कारखान्यात आणि मजुरी रोजाची, त्याने चार तासांत काय करायचं होतं? श्रमिक रेल्वे १ मेला सुरू झाल्या, ३७ दिवस उलटल्यावर. त्या पहिल्याच आठवड्यात सोडल्या असत्या तर माझ्या फाट्यावर कुणी आलंच नसतं. रेशनवर माणशी ५ किलो फुकट तांदूळ मिळाला, पण रस्त्यावरच्या माणसाचं कार्ड त्याच्या गावी. आणि ही परक्यांचीच गोष्ट नाही. निम्मा खानदेश सुरतेत कामाला आहे. माझा चुलतभाऊ उधन्याहून नवापूरमार्गे चालत आला आणि १४ दिवस गावच्या शाळेत राहिला.

लॉकडाउन लावायलाच नको होता, असं मी म्हणत नाही. दवाखान्यांना तयारीला वेळ हवा होता. तो वेळ कुणी वापरला, ते बघा. नंदुरबारचे तेव्हाचे कलेक्टर राजेंद्र भारुड स्वतः डॉक्टर, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. त्यांनी २०२० च्या सप्टेंबरातच जिल्ह्यात ऑक्सिजनचा प्लांट उभा केला, पुढे आणखी उभारले. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या काकांना इकडे कुठेच बेड मिळेना, नंदुरबारला मिळाला. म्हणून सगळं सरकार एकाच मापाने मोजू नका. काही गावांनी तेव्हा वेशीवर काटे टाकून आपलीच माणसं अडवली, तेही मी पाहिलंय.

पण शिस्तीचं म्हणाल तर आतेभावाला माझं सांगणं आहे, तुझ्या आईला विचार. ई-पास मिळाल्यावर ती पुण्याला आली, तेव्हा तिच्या पायात माझ्या आईची जुनी चप्पल होती, अंगठा तुटलेली, तारेने बांधलेली. तू तिला गाडीतून उतरवून घेतलंस. तिची स्वतःची कुठे गेली, हे तू आजपर्यंत विचारलेलं नाहीस.