त्या रात्री मी पोटभर जेवले

"मॅडम, मी निब्बर झालेय का हो?" नर्स विचारतात, शिक्षिका विचारतात, वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या विचारतात. दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की एका वकीलबाईंची गोष्ट आज लिहितेच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, त्यांची परवानगीही घेतली आहे.

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या त्या विधी विभागप्रमुख. पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012च्या कायद्याखालचे खटले, बालकल्याण समितीपुढची प्रकरणं, हाताखाली चार ज्युनिअर. 'स्वतःची प्रॅक्टिस केली असतीस तर ठाण्यात दुसरा फ्लॅट झाला असता' हे सासरचं पालुपद त्यांनी कधीच कानाआड केलं होतं. खुपत होतं वेगळंच.

"आरोपी सुटला, मॅडम. मुलगी नऊ वर्षांची. 2012चा कायदा सांगतो, 30 दिवसांत मुलाची साक्ष, शक्यतो वर्षभरात निकाल. आम्हाला चार वर्षं लागली. आणि त्या रात्री मी शेपूची भाजी पुन्हा वाढून घेतली. शांत झोपले. पूर्वी रात्रभर रडायचे."

दोन भेटी मी नुसतं ऐकलं. त्या स्वतःविरुद्ध पुरावे मांडत होत्या आणि बचावाला कुणीच नव्हतं. तिसऱ्या भेटीत विचारलं, "साक्षीच्या दिवशी काय केलंत?"

"विशेष काही नाही. आरोपी दिसू नये म्हणून मुलगी पडद्याआड होती. समोरचे वकील थेट तिलाच प्रश्न विचारायला लागले. कलम 33 प्रमाणे प्रश्न न्यायाधीशांमार्फत जायला हवा. मी उभी राहिले. मग ती फ्रॉकची कड पिळताना दिसली. थोडी विश्रांती मागून घेतली. पाणी दिलं. बाहेर दोघींनी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या."

"रात्रभर रडायचात, तेव्हा अशी कड दिसायची?"

खूप वेळ गेला. खालून टॅक्सीचे हॉर्न ऐकू येत राहिले. "नाही. तेव्हा मी कागदात डोकं घालून बसायचे. मुलांकडे बघवायचंच नाही."

"मग वकीलबाई, 'खटला हरल्यावर वकिलाने जेवू नये' हे कलम कुठल्या कायद्यातलं?"

त्या हसल्या आणि हसता हसताच हुंदका फुटला. "मीच केलाय तो कायदा."

इतक्या वर्षांत असा प्रश्न नेमक्या क्षणी सुचण्याचं समाधान मला मोजक्याच वेळा मिळालंय. माणूस घटनेपेक्षा तिला स्वतः जोडलेल्या 'च'ने जास्त खचतो, असं मी मानत आले आहे. वाईट वाटलंच पाहिजे, तेही रात्रभर वाटलंच पाहिजे, हा हट्ट त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या कानांवर पडला.

निब्बरपणा आणि स्थिरपणा बाहेरून सारखेच दिसतात. समोरच्याच्या बारीकसारीक हालचाली तुम्हाला दिसतात का, ते तपासा. मुलाचं नाव विसरून केस नंबर तेवढा आठवत असेल, फोन वाजला की चिडचिड होत असेल, स्वतःचं लेकरू कुणाच्याही कडेवर देववत नसेल, तर थांबा आणि मदत घ्या. मुलांची ओळख गुप्त ठेवायची असते, त्यामुळे हे ओझं घरी उतरवता येत नाही. म्हणून याच कामातलं एखादं जाणतं माणूस महिन्यातून एकदा तरी गाठाच. फाईल मात्र ऑफिसातच राहू द्या.

वकीलबाई अजूनही दर तीन महिन्यांनी एकदा येतात. परवा उठताना म्हणाल्या, "मंगळवारी एका खटल्याचा निकाल आहे. संध्याकाळी चौघा ज्युनिअर्सना घरी जेवायला बोलावलंय. निकाल काहीही लागो."